केसचे जुने ट्रॅपर (६२५४): ठसा, मूठ आणि पातं कसं तपासायचं?

पोलादपाणी:
नमस्कार मंडळी. पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डच्या केस कंपनीचे जुने घडीचे चाकू जमवतो आहे. सगळे नमुने गोळा करत बसण्यापेक्षा एकच धरलाय: ट्रॅपर, नंबर ६२५४. मिटल्यावर साधारण साडेदहा सेंटिमीटर, एकाच टोकाला दोन लांब पाती, एक क्लिप (टोकाशी निमुळतं) आणि एक स्पे (गोलसर, बोथट टोकाचं). १९६५ ते १९७९ मधला दर वर्षाचा एक असा संच करायचा आहे. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. टँगवरून (पात्याचा मुठीत बसणारा, कंपनीचा ठसा असलेला बुडखा) वर्ष नक्की कसं ठरवायचं? ठसा बनावट असेल तर कळणार कसं? आणि मूठ हाडाची की प्लास्टिकची, हे चाकूला इजा न करता ओळखता येतं का? ऑनलाइन लिलावातले फोटो बघून निर्णय घ्यावा लागतो, त्यामुळे विक्रेत्याकडून कोणते फोटो मागवावेत तेही सांगा.

धारकरी:
आधी संचाची व्याख्या बदला. १९६५ ते १९६९ या पाच वर्षांत 'केस एक्सएक्स यूएसए' हा एकच ठसा होता. त्यातलं वर्ष ठशावरून वेगळं काढता येत नाही. कोणी 'हा १९६७ चाच' म्हणून जास्त पैसे मागत असेल तर पुरावा मागा. १९७० पासून मात्र काम सोपं आहे. त्या वर्षी ठशाखाली दहा टिंबं आली आणि दर वर्षी एक कमी होत गेलं, म्हणून १९८० मधून टिंबं वजा करायची: सात टिंबं म्हणजे १९७३, एक टिंब म्हणजे १९७९.

घोळ होतो तो पुढच्या दशकामुळे. १९८० ला पुन्हा दहा टिंबांपासून सुरुवात झाली. त्या ठशातला 'केस' मधला इंग्रजी एस विजेसारखा तिरका, टोकदार आहे. सत्तरच्या दशकातला एस साधा, गोलसर. फोटोत टिंबं मोजण्याआधी एस बघा, नाहीतर १९८३ चा चाकू १९७३ चा समजून घ्याल.

मागे जायचं असेल तर १९४० ते १९६४ नुसतं 'केस एक्सएक्स', आणि त्याआधी, साधारण १९२० पासून, 'केस टेस्टेड एक्सएक्स'. सांध्याच्या वर्षांत एका पात्यावर जुना आणि दुसऱ्यावर नवा ठसा असलेले चाकूही कारखान्यातून बाहेर पडले. जमवणारे त्यांना ट्रान्झिशन म्हणतात आणि त्यांना मागणी आहे. पण त्याच कारणाने दोन वेगवेगळ्या चाकूंची पाती जोडून केलेले 'ट्रान्झिशन'ही फिरतात. तेव्हा दोन्ही टँगचे, दोन्ही बाजूंचे फोटो हवेतच.

मूठभर:
ठशाच्या खोटेपणाबद्दल. सर्वात सोपी लबाडी म्हणजे 'यूएसए' किंवा टिंबं घासून काढून चाकू जुना दाखवणं. पोलाद घासलं की टँग पातळ होते, आणि ते लपवता येत नाही. पातं उघडून वरून, पाठीच्या बाजूने उजेडात धरा. टँग आणि लायनर (मुठीच्या आतली पितळी पट्टी) यांच्यामध्ये एकाच बाजूला फट दिसली तर शंका घ्या. टँगवर सरळ पट्टी आडवी ठेवली तर मध्ये खळगा कळतो. भिंगातून अक्षरांचा तळ आणि आजूबाजूचा पृष्ठभाग ताडून बघा: साठ वर्षांच्या टँगवर अक्षरांच्या कडेला चकाकी आणि बाकी पात्यावर डाग, हे जुळत नाही. टिंबं नंतर मारलेली असतील तर खोली आणि ओळ एकसारखी नसते.

नंबरचा पहिला आकडा मुठीचा: ६ हाड, ५ शिंग, ३ पिवळं कॉम्पोझिशन (प्लास्टिकसारखा कृत्रिम पदार्थ). दुसरा पात्यांची संख्या, उरलेले नमुन्याचे. पण ६ पाहून हाड गृहीत धरू नका. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात डेलरिन हे प्लास्टिक आलं आणि त्या मुठींच्या चाकूंवरही ६ च राहिला. तापलेली सुई टोचून बघायचा सल्ला कुठे वाचलात तर सोडून द्या, मूठ कायमची डागाळते. दहापट भिंगातून मुठीच्या कापलेल्या कडा बघा, बोल्स्टरजवळ (मुठीच्या टोकाचं धातूचं टोपण) आणि लायनरलगत. हाडात बारीक काळपट छिद्रं आणि रेघा दिसतात, डेलरिनची कड सलग आणि निर्जीव असते. शिवाय हाडाच्या दोन बाजू रंगाने कधीच तंतोतंत सारख्या नसतात.

धारकरी:
यात पात्याची भर घालतो, कारण नवखे लोक ठशावरच अडकतात आणि झिजलेलं पातं घरी आणतात. 'फुल ब्लेड' (न झिजलेलं पातं) हा शब्द विक्रेते सढळ हाताने वापरतात. पातं मिटलेल्या अवस्थेतला फोटो मागा. क्लिप पात्याचं पोट घासलं गेलं की टोक पाठीकडे सरकतं आणि मिटल्यावर लायनरच्या वर डोकावतं, खिशात बोचतं. मग कोणीतरी किक घासतो. किक म्हणजे टँगवरचा तो उंचवटा, जो मिटताना स्प्रिंगवर टेकतो. तो घासला की टोक आत बसतं, पण पातं जास्त खाली जाऊन धार स्प्रिंगवर आपटते आणि तिथे बारीक चपटा चट्टा पडतो. टोक नीट आत आहे आणि धारेवर मध्येच चट्टा आहे, तर हेच झालंय.

पातं डावीउजवीकडे हलत असेल तर तेही विचारा. बोल्स्टर ठोकून ते घट्ट करतात, पण पिनभोवती गोल वण राहतो. उघडताना पातं अर्ध्यावर न थांबणं हा मात्र दोष नव्हे, ते टँगच्या आकारावर अवलंबून असतं.

पोलादपाणी:
धन्यवाद, फार उपयोगी. १९६५-६९ साठी आता एकच जागा ठेवतो. एक राहिलं: सफाई आणि ठेवण. काही चाकू पुण्याला आणि काही रत्नागिरीला घरी ठेवायचा विचार आहे.

मूठभर:
कमीत कमी करा. बफिंग व्हीलला हात लावू नका, ठशाच्या कडा गोल होतात आणि किंमत उतरते. क्रोम व्हॅनेडियम पोलादाच्या पात्यावरचा राखाडी-निळा थर गंज नाही, राहू द्या. लाल गंज असेल तेवढ्याच जागी पातळ खनिज तेल लावून, एक दिवस मुरू देऊन, पितळी ब्रशने हलक्या हाताने काढा. सांध्यातली जुनी घाण लाकडी टूथपिकने, मग तेलाचा एक थेंब, पाती उघडमीट, पुसून घ्या, पुन्हा एक थेंब. हाडाची मूठ पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये बुडवायची नाही. सुकताना आकसते आणि पिनपासून केसासारखी चीर जाते.

चामड्याच्या म्यानात साठवू नका, पितळेवर हिरवा थर धरतो. कोकणातल्या पावसाळ्यात हवाबंद डबा, सिलिका जेल, आणि ते महिन्याकाठी तापवून पुन्हा कोरडं करणं. जुन्या सेल्युलॉइड (एक जुनं प्लास्टिक) मुठीचा चाकू असेल तर तो मात्र हवाबंद डब्यात नको आणि इतरांजवळही नको. ती मूठ कुजताना आम्लधर्मी वाफा सोडते आणि शेजारच्या चाकूंची पातीही खाते. कापराचा वास आणि आसपास अचानक गंज ही त्याची खूण.

धारकरी:
शिंगाच्या मुठीचा ५२५४ घेतलात तर तो भारतात न आणता तिकडेच राहू द्या. ते शिंग बहुधा भारतातल्याच सांबराचं असतं, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मुळे विमानतळावर कस्टमशी वाद होऊ शकतो. हाडाचे चाकू चेक-इन सामानात, खरेदीच्या पावतीसह. मूळ खोका असेल तर त्यावरचा नमुना नंबर टँगशी जुळतो का ते आधी बघा, कारण खोके बदललेले पुष्कळ मिळतात.