मदत हवी आहे: लोलापालूझा संगीत महोत्सव संपल्यावर त्याच रात्री सोलापूरला निघता येईल का?

नमस्कार मंडळी. येत्या जानेवारीत मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापालूझाला जायचंय. 2025 ला ग्रीन डे हा रॉक बँड तिथे वाजवून गेला, तेव्हापासून डोक्यात आहे. सोबत धाकटी बहीण. तिला स्टेजपुढच्या रेलिंगला धरूनच ऐकायचंय.

अडचण परतीची. शेवटचा बँड दहाच्या सुमारास थांबतो, आणि सोलापूरची सिद्धेश्वर एक्सप्रेस सीएसएमटीहून साडेदहानंतर सुटते. महालक्ष्मीहून लोकलने दादर गाठून तिथेच गाडी पकडता येते का? की गेटबाहेर पडायलाच तास जातो? शेवटची गाणी सोडून निघायचं तर जिवावर येईल.

शिवाय इअरप्लग कुठले घ्यावेत? स्पीकरजवळ आवाज शंभर डेसिबलच्याही वर जातो, तिचे कान जपायचेत. आधी जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा.