मदत हवी आहे: दुरावलेली माणसं पुन्हा जुळतात अशा कादंबऱ्या सुचवा

नमस्कार मंडळी, मी रत्नागिरीची. पहिल्या प्रेमाच्या गोष्टींपेक्षा, एकदा तुटलेलं पुन्हा जुळतं त्या गोष्टी मला फार भिडतात. नुकतीच जेन ऑस्टिनची 'पर्स्युएशन' (१८१७) वाचली. घरच्यांच्या नि मोठ्यांच्या दबावाखाली ॲन एकोणिसाव्या वर्षी नौदलातल्या वेंटवर्थशी ठरलेलं लग्न मोडते. आठ वर्षांनी तो पैसा कमावून परततो, तिच्याशी जेमतेम बोलतो. पण ती चालून दमलेली दिसताच एक शब्द न बोलता तिला गाडीत बसवतो. तिथे मी पुस्तक मिटून बसले! राग आहे, पण काळजी सुटलेली नाही. आमच्याकडे घरटी कोणी ना कोणी बोटीवर, नाहीतर मुंबईला. त्यामुळे हे दुरावणं अगदी जवळचं वाटतं.

मराठीत असं काही सुचवाल का? नायक-नायिका चाळिशीपुढचे असले तर उत्तमच. निव्वळ गैरसमजावर ताणलेलं नको, दुराव्याला खरं कारण हवं आणि माफी सहजासहजी मिळालेली नको. कोकणातली पार्श्वभूमी असेल तर आधी तेच सांगा. इथल्या जिल्हा नगर वाचनालयात शोधणार आहे, तेव्हा लेखकाचं नावही नक्की लिहा.