बॉलचा ट्रॅक अंगठ्यापासून फार लांब पडतो: ग्रिप बदलावी की रिलीज?

मंगळवारची_लीग

नमस्कार. मी डेट्रॉइटजवळ राहतो आणि टेनपिन बोलिंगच्या लीगमध्ये हा माझा दुसरा हंगाम आहे. उजव्या हाताने खेळतो. गेल्या वर्षी बोलिंग सेंटरचेच बॉल वापरत होतो, म्हणजे बोटे दुसऱ्या सांध्यापर्यंत आत जात असत. यंदा १५ पौंडांचा स्वतःचा बॉल घेतला आणि त्याला फिंगरटिप ग्रिपची भोके पाडून घेतली, त्यामुळे बोटे आता पहिल्या सांध्यापर्यंतच आत जातात.

अडचण अशी आहे की, बॉल परत आल्यावर त्यावर उमटलेले लेनवरच्या तेलाचे वर्तुळ, म्हणजेच ट्रॅक, अंगठ्याच्या भोकापासून जवळजवळ चार इंच डावीकडे असते आणि ते फारच लहान दिसते. शिंप्याची टेप लावून, पृष्ठभागावरूनच, मोजले तर त्याचा व्यास आठ इंच भरला. बॉल तेलावरून लांबवर घसरत जातो, शेवटी थोडासा वळतो, पॉकेटमध्ये, म्हणजे १ आणि ३ नंबरच्या पिनांच्या मधे, लागला तरी पिनांवरून उजवीकडे ढकलला जातो आणि १० नंबरची पिन उभी राहते. ट्रॅक अंगठ्याच्या जवळ आणायचा असेल तर भोके नव्याने पाडून घ्यावीत, की बॉल हातातून सोडण्याची पद्धत (रिलीज) बदलावी? सोबतचे एक खेळाडू म्हणतात की अंगठा न घालताच टाकून पाहा.

जुना_फिंगरटिप

तुम्ही व्यास मोजलात हे फार चांगले केलेत, कारण त्यावरून बरेच काही सांगता येते. बॉलचा परीघ साधारण २७ इंच असतो. तेलाचे वर्तुळ पृष्ठभागावरून १३.५ इंच भरले, म्हणजे बॉलच्या बरोबर मध्यावरून गेले, तर फिरण्याचा अक्ष जमिनीला समांतर आहे, त्याचा कल शून्य आहे असे समजायचे. तुमच्या आठ इंचांवरून हा कल सुमारे ३७ अंश येतो. याचा अर्थ तुमचा बॉल गाडीच्या चाकासारखा कमी आणि भोवऱ्यासारखा जास्त फिरतो आहे. भोवऱ्याची फिरकी कितीही जोरदार असली तरी लेनवर पकड घ्यायला तिचा उपयोग कमी होतो, म्हणूनच बॉल घसरत राहतो आणि पिनांना भिडताना त्याच्यात पुढे रेटण्याचे बळ उरत नाही.

हे बहुधा तुमचा हात बॉलच्या वरून फिरत असल्यामुळे होते. बॉलकडे मागून पाहत आहात आणि त्यावर घड्याळाची तबकडी आहे अशी कल्पना करा. हात खाली येताना बोटे सहाच्या आकड्यावर, म्हणजे बॉलच्या मागे आणि खाली असावीत. अंगठा निसटल्यानंतरच ती पाचवरून चारकडे सरकावीत. तुमच्या बाबतीत अंगठा आत असतानाच मनगट फिरू लागत असावे, त्यामुळे बोटे तीनच्याही वर चढतात आणि बॉल सुटताना तळवा जमिनीकडे वळलेला असतो. शेवटी तळवा हस्तांदोलन करताना असतो तसा उभा राहतो का, एवढेच आधी पाहा.

सराव असा करा: फाउल लाइनजवळ, म्हणजे लेन सुरू होते त्या रेषेजवळ, डावा पाय पुढे ठेवून उभे राहा, धाव न घेता बॉल फक्त मागे-पुढे झुलवा आणि लेनवर रंगवलेल्या बाणांच्या पलीकडे जाईल इतक्याच जोराने सोडा. कोपर अंगाजवळ ठेवा आणि हात फिरवायचाच नाही असे ठरवून टाका. तरीही तो थोडा फिरतोच, आणि तेवढे फिरणे पुरेसे असते. कोणाला तरी मागून मोबाइलवर मंदगती चित्रण करायला सांगा. अंगठा आधी आणि बोटे नंतर बाहेर येताना स्पष्ट दिसली पाहिजेत.

भोकपाड्या

मी काही वर्षे प्रो शॉपमध्ये, म्हणजे बोलिंगच्या सामानाच्या दुकानात, भोके पाडण्याचे काम केले आहे. वरील सल्ला योग्य आहे, पण ग्रिप तपासल्याशिवाय त्याचा उपयोग होईल असे मला वाटत नाही. अंगठा अडकत असेल तर माणूस नकळत हात वरून फिरवून तो सोडवून घेतो, आणि मग तीच सवय होते. तुमची तक्रार नव्या ग्रिपबरोबरच सुरू झाली आहे, म्हणून मला हीच शंका अधिक येते.

अंगठा पूर्ण आत घाला आणि बोटे भोकांवर सैल पसरा. पहिल्या सांध्याची रेघ भोकाच्या तळव्याकडील काठाच्या किंचितच पलीकडे यायला हवी. ती काठापर्यंत पोहोचतच नसेल तर स्पॅन, म्हणजे अंगठ्याच्या आणि बोटांच्या भोकांमधले अंतर, मोठा आहे. त्यानंतर अंगठा पाहा: नखाच्या मागे किंवा बुडाशी लाल वळ उठत असेल, तर तुम्ही बॉल आवळून धरत आहात. भोक सैल असेल तर आत चिकट टेपच्या एक-दोन पट्ट्या लावून पाहा. अंगठ्याला आधार मिळाला की आवळणे आपोआप कमी होते. भोक घट्ट नसूनही अंगठा उशिरा सुटत असेल तर अंगठ्याची पिच, म्हणजे त्या भोकाचा कोन, तळव्यापासून थोडी दूर झुकवून घ्यावी लागेल, पण तो निर्णय तुमचा हात प्रत्यक्ष पाहूनच घेतला पाहिजे.

अंगठा न घालण्याबद्दल: यूएसबीसी या अमेरिकेतील बोलिंगच्या नियामक संस्थेच्या नियमानुसार १ ऑगस्ट २०२० पासून बॉलला समतोलासाठी वेगळे भोक ठेवता येत नाही, आणि पकडीसाठी पाडलेले प्रत्येक भोक दर वेळी वापरावेच लागते. तेव्हा मान्यताप्राप्त लीगमध्ये याच बॉलने अंगठा बाहेर ठेवून खेळणे नियमबाह्य ठरेल.

कोरडी_लेन

ट्रॅक जितका अंगठ्याजवळ तितका चांगला, असा समज मात्र करून घेऊ नका. तो फार जवळ गेला तर बॉल भोकांवरूनच लोळतो आणि लेनवर खटखट आवाज येतो. मला तो प्रकार निस्तरायला एक पूर्ण हंगाम लागला. तैवानमध्ये तर ११-१२ पौंडांचा हलका बॉल जवळजवळ उभ्या अक्षावर फिरवण्याची एक वेगळीच शैली रुजली आहे आणि तिच्या जोरावर तेथील खेळाडू जिंकतात. तेव्हा कल शून्यावर आणण्याचा अट्टहास नको. तेल कमी झालेल्या लेनवर थोडा कल उपयोगीच पडतो.

मंगळवारची_लीग

सर्वांचे मनापासून आभार. काल सेंटरमध्ये दोन तास घालवले. स्पॅन ठीक निघाला, पण अंगठ्याचे भोक सैल होते आणि नखामागे खरोखरच वळ होता. टेपच्या दोन पट्ट्या लावल्या आणि अर्धा तास फाउल लाइनजवळ उभे राहून नुसता बॉल सोडण्याचा सराव केला. मोबाइलवर पाहिले तेव्हा तळवा पूर्वी खाली वळत होता हे पटले. धाव घेऊन टाकलेल्या शेवटच्या काही बॉलवर वर्तुळ दहा इंच भरले आणि ते अंगठ्यापासून तीन इंचांच्या आत आले. बॉल आता आधी वळतो, त्यामुळे उभे राहण्याची जागा तीन बोर्ड (लाकडी पट्ट्या) डावीकडे न्यावी लागली. वेग वाढवला की हात पुन्हा वरून फिरतो, म्हणून मंगळवारपर्यंत धाव न घेताच सराव करणार आहे.