चार वर्षांच्या मुलाची झोप, खेळ आणि हृदयाचे आरोग्य : मदत हवी आहे

माझा मुलगा चार वर्षांचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार या वयात दिवसभरात किमान १८० मिनिटे हालचाल, त्यातील निदान ६० मिनिटे दम लागेल असा खेळ, आणि दुपारची डुलकी धरून १० ते १३ तासांची झोप आवश्यक असते. खेळाची मला चिंता नाही, तो भरपूर धावतो. अडचण झोपेची आहे. दुपारी दीड तास झोपल्यास रात्री अकरापर्यंत त्याचा डोळा लागत नाही, आणि सकाळी शाळेसाठी साडेसहाला उठवावे लागत असल्याने एकूण झोप नऊ तासांवरच थांबते. दुपारची झोप टाळली, तर संध्याकाळी तो इतका चिडचिडा होतो की खेळणेच सोडून देतो.

आमच्या घरात दोन पिढ्यांना उच्च रक्तदाब आहे. झोपेत हृदयाचे ठोके मंदावतात आणि रक्तदाब उतरतो, म्हणून ही रोजची तूट मला क्षुल्लक वाटत नाही. पुढच्या तपासणीत त्याचा रक्तदाब मोजण्याची विनंती मी डॉक्टरांना करणारच आहे.

दुपारची झोप हळूहळू कमी करून रात्रीची वेळ अलीकडे आणणे कोणाला जमले आहे का? त्यासाठी किती आठवडे लागले, आणि मुलाच्या खेळण्यावर त्याचा काय परिणाम झाला, हे कृपया सविस्तर सांगावे.