वाचक वाढवण्याआधी हे पाहा

बरेच जण म्हणतात की ब्लॉगचे वाचक वाढले की अ‍ॅफिलिएटचं (म्हणजे लेखातल्या लिंकवरून झालेल्या खरेदीवर कंपनीकडून मिळणाऱ्या कमिशनचं) उत्पन्न आपोआप वाढतं. मला हे अर्धवटच पटतं. 'कॅमेरा कसा काम करतो' हा लेख हजारो लोक वाचतील, पण त्यातले खरेदीला निघालेले किती? 'या दोन कॅमेऱ्यांपैकी कोणता घ्यावा' शोधत येणारा माणूस मात्र पाकीट हातात धरूनच आलेला असतो. असे मूठभर वाचकसुद्धा पहिल्या लेखाच्या गर्दीला भारी पडतात.

दुसरं म्हणजे कुकीची मुदत. कुकी म्हणजे वाचक तुमच्या लिंकवरून आला याची त्याच्या ब्राउझरमध्ये राहणारी नोंद. अ‍ॅमेझॉनची साधारण २४ तासांची असते. त्या वेळात वस्तू कार्टमध्ये गेली नाही, तर वाचकाने आठवड्याने घेतलेल्या वस्तूचं श्रेय तुम्हाला मिळत नाही. त्यामुळे महिनाभर विचार करून घ्यायच्या महागड्या वस्तूंसाठी लांब मुदतीचे कार्यक्रम शोधा. होस्टिंग (वेबसाइटसाठी सर्व्हरवर जागा देणारे) किंवा सॉफ्टवेअरवाल्यांकडे ते बऱ्याचदा मिळतात.

आणि सगळं एकाच कंपनीवर सोडू नका. एप्रिल २०२० मध्ये अ‍ॅमेझॉनने अमेरिकेत फर्निचरचं कमिशन ८ टक्क्यांवरून थेट ३ टक्क्यांवर आणलं. फर्निचरवरच लिहिणाऱ्यांचं काय झालं असेल याचा हिशेब ज्याने त्याने करावा!

लिंकमागे कमिशन आहे हे लेखाच्या सुरुवातीलाच सांगा, तळाशी बारीक अक्षरात नको. गूगलला कळावं म्हणून अशा लिंकच्या कोडमध्ये 'स्पॉन्सर्ड' ही खूण लावायची असते, ती सोय २०१९ पासून आहे. जुन्या लेखांतल्या लिंकही अधूनमधून तपासा; बंद पडलेल्या वस्तूंकडे वाचक पाठवत राहणारे ब्लॉग ढिगाने आहेत.