पासवर्ड 'जतन केलेला', 'दुर्बोध केलेला' की 'कूटबद्ध'?

कर्वेनगरकर: डेटाबेस शिकणाऱ्यांसाठी मराठीत टिपणं लिहितेय. मायएसक्यूएल या डेटाबेसची, लॉगिनचा पासवर्ड साठवणारी 'मायलॉगिन' फाइल उघडली की नुसती गिचमिड दिसते. तिला 'कूटबद्ध' (एन्क्रिप्टेड) म्हणू का? आणि पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसच्या 'पीजीपास' या पासवर्डच्या फाइलला काय म्हणावं? 'सुरक्षित केलेला पासवर्ड' लिहिलं होतं, पण खटकतंय.

हिंजवडीकर: खटकायलाच हवं. पीजीपासमध्ये होस्ट, पोर्ट, डेटाबेस, युजर आणि पासवर्ड एकाच ओळीत असतात, मध्ये फक्त अपूर्णविराम. पासवर्ड उघडाच. राखण असते ती फाइलच्या परवानग्यांची. लिनक्सवर ०६०० लागते, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी परवानगी. गटाला किंवा इतरांना वाचता येत असेल तर क्लायंट, म्हणजे डेटाबेसला जोडणारा प्रोग्राम, इशारा देतो आणि फाइलकडे बघतही नाही. विंडोजवर ही तपासणी होत नाही. आमच्याकडे एकदा बॅकअपमधून ही फाइल परत आणली, परवानग्या बदलल्या होत्या, आणि रात्रीचं ठरलेलं काम पासवर्ड नाही म्हणून बंद पडलं. पासवर्ड तर फाइलीत होता! म्हणून 'जतन केलेला' म्हणा, 'सुरक्षित' नको.

सदाशिवपेठी: मायलॉगिनला 'कूटबद्ध' म्हणू नका, ही कळकळीची विनंती. मोडीचा कागद न शिकलेल्याला गिचमिड वाटतो, शिकलेला तो सरळ वाचतो. म्हणून मोडीला कोणी कूटलिपी म्हणत नाही. मायलॉगिनचं तसंच आहे. पासवर्ड एका किल्लीने बदलून ठेवलेला असतो खरा, पण ती किल्ली त्याच फाइलीत, सुरुवातीलाच. कुलपाला किल्ली लटकवून ठेवल्यासारखं. ज्याला रचना ठाऊक आहे त्याला काहीच अडत नाही.

आपल्याकडे जोडी तयारच आहे: पीजीपास बाळबोध, मायलॉगिन दुर्बोध. 'कूटबद्ध' हा शब्द किल्ली वेगळीकडे असेल तेव्हाच वापरावा. पीजीअ‍ॅडमिन या पोस्टग्रेस हाताळायच्या प्रोग्राममध्ये मास्टर पासवर्ड लावला, तर साठवलेले पासवर्ड त्याच्या आधारे कुलूपबंद होतात आणि तो मास्टर पासवर्ड माणसाच्या डोक्यात राहतो. तिथे 'कूटबद्ध' शोभतो.

हिंजवडीकर: 'बाळबोध' आवडला. 'दुर्बोध'ने मात्र कविता आठवते.

कर्वेनगरकर: तरी 'दुर्बोध केलेला'च घेते. 'केलेला' जोडलं की मुद्दाम केलंय हे कळतं. पहिल्यांदा येईल तिथे 'किल्ली फाइलीतच असते' एवढं वाक्य जोडेन. पीजीपासपुढे 'उघडा पासवर्ड, परवानगी ०६००' असं लिहिते.