शिशकाने यरुशलेम खरंच लुटलं का?

शिलालेखी:
बायबलमध्ये नावानिशी येणारा पहिला फारो (इजिप्तचा राजा) म्हणजे शिशक. शलमोन राजाचा मुलगा, यहूदाचा राजा रहबाम याच्या कारकिर्दीच्या पाचव्या वर्षी तो यरुशलेमवर चालून आला आणि मंदिराचा व राजवाड्याचा खजिना घेऊन गेला, असं बायबलमधल्या ‘१ राजे’ या ग्रंथाच्या १४व्या अध्यायात आहे. हा २२व्या राजवंशाचा संस्थापक, लिबियन वंशाचा पहिला शोशेंक, असं बहुतेक अभ्यासक मानतात. माझ्या मते ही लूट झालीच. शलमोनाच्या सोन्याच्या ढाली गेल्या म्हणून रहबामाने पितळी करून घेतल्या. राजा मंदिरात निघाला की पहारेकरी त्या धरून चालत आणि परत चौकीत नेऊन ठेवत. स्वतःच्या राजघराण्याची अशी नामुष्की उगाच कोण रचेल?

पाणवठा:
असहमत. राजांची पापं आणि त्यांची शिक्षा दाखवणं हाच त्या ग्रंथाचा हेतू आहे, तेव्हा नामुष्की हा पुरावा होत नाही. इजिप्तमधल्या कर्नाकच्या मंदिराच्या भिंतीवर शोशेंकाने दीडशेहून जास्त गावं कोरली. प्रत्येक नाव तटबंदीच्या चौकटीत, वर हात बांधलेला कैदी. त्यात मगिद्दो आहे, बेथ-शान आहे, दक्षिणेकडच्या नेगेव वाळवंटातली ढीगभर नावं आहेत. यरुशलेम मात्र वाचता येणाऱ्या नावांत नाही. एवढी मोठी लूट करणारा राजा ती मिरवणार नाही?

शिलालेखी:
यादीतले बरेच भाग झिजलेत, फुटलेत, हे विसरू नका. शिवाय गिबोन यादीत आहे, आणि ते यरुशलेमपासून जेमतेम दहा किलोमीटरवर. फौज तिथवर आल्यावर रहबामाने खंडणी देऊन शहर वाचवलं असेल. वेढा पडला, शहर पडलं, असं १ राजे म्हणतही नाही.

पाणवठा:
‘असेल’वर इतिहास उभा करू नका. शलमोनानंतर राज्य फुटल्यावर उत्तरेचा राजा झालेला यराबाम त्याआधी शलमोनाला घाबरून शिशकाकडेच आश्रयाला गेला होता ना? मग यादीत त्याच्याच उत्तरेकडच्या राज्यातली इतकी गावं कशी? त्या मोहिमेबद्दल बायबल चकार शब्द काढत नाही. आणि शोशेंकाच्या मोहिमेचं इ.स.पू. ९२५ हे साल बऱ्याच अंशी बायबलच्याच कालगणनेवरून बसवलंय. त्याच सालाने पुन्हा बायबल खरं ठरवायचं?

रानजाई:
सालाबद्दल पाणवठा यांच्याशी सहमत. मगिद्दोला शोशेंकाचं नाव कोरलेला, त्याच्या विजयस्तंभाचा शिलाखंड सापडला, पण तो आधीच्या उत्खननाने बाहेर टाकलेल्या मातीच्या ढिगाऱ्यात. कुठल्या थरातला, ते कळायचा मार्गच गेला. तो जागेवर मिळाला असता तर तिथला एक थर तरी शोशेंकाशी पक्का जोडता आला असता. तरी दोघांनी एक बघा: विजयस्तंभ जाळून टाकलेल्या ओसाड गावात उभारत नाहीत. शोशेंकाला तिथे टिकून राज्य करायचं होतं. मला तर यरुशलेमच्या खजिन्यापेक्षा हा प्रश्न मोठा वाटतो.